किंकाळ्या शेवटच्या दिवशी

"थांबा. परत घ्या," कानसेन काचेपलीकडून म्हणाला. "आवाजात कोणीतरी आहे."

मी जिथे थांबले तिथे एक पहारेकरी पाण्याच्या मोठ्या टाकीच्या कठड्यावर बसून डबा उघडत होता. पुढच्या पानावर त्याला पाणमांजरं खाणार होती. त्याला ते ठाऊक नव्हतं, मला होतं, आणि मलाही ठाऊक नसल्यासारखं वाचायचं, हेच माझं काम. जनावरांनी माणसं मारल्याच्या कादंबऱ्या मी ध्वनिमुद्रणासाठी वाचते. लोक त्या कानांत घालून भांडी घासतात, गाड्या चालवतात, काहीजण म्हणे झोपतातसुद्धा. कानसेन हा आमचा ध्वनिमुद्रक. त्याचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण त्याची बायको आणि बँक सोडून ते कुणी वापरत नाही. त्याला भिंतीआडचा नळ ऐकू येतो, माझ्या पोटातली भूक ऐकू येते, मी घरून भांडून आले असेन तर तेही ऐकू येतं असं तो म्हणतो. म्हणून मी निमूटपणे मागच्या पूर्णविरामापासून परत घेतलं. चूक झाली की आमच्याकडे तिथवर मागे जायचं असतं. "पहारेकऱ्याने डबा उघडला." त्याने मान हलवली. मी हातातलं घड्याळ काढून ठेवलं. खुर्ची बदलली. सफरचंदाचा एक घास खाल्ला, कारण तोंड कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटून वाजते आणि सफरचंदाने ती थांबते. पुन्हा घेतलं, पुन्हा त्याची मान हलली. शेवटी तो हेडफोन गळ्यात टाकून आत आला, त्या कपाटाएवढ्या खोलीत माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "नुसतं बोला. तेच वाक्य." मी बोलले. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, गळ्याकडे बघत होता. "सर्दी आहे का ताई?" नाही म्हटलं. "मग खालून खरखर येतेय ती तुमचीच," तो म्हणाला, आणि इतकं सहज म्हणाला की जणू माझ्या पाठीला दोरा चिकटलाय एवढंच सांगत होता. माझ्या पोटात गोळा आला. इतकी वर्षं मी लोकांच्या पोटात गोळे आणत आलेय, पण तो खरोखर येतो, बेंबीच्या जरासा वर येतो आणि गार असतो, हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात मालक आले. मालक म्हणजे आमचे प्रकाशक. पुस्तकांची निवड, मुखपृष्ठावरचं रक्त आणि आमचा चहा या तिन्ही गोष्टी ते जातीने बघतात. कानसेनने त्यांना तुकडा ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि मांडीवर थाप मारली. "अहो, हेच तर हवं होतं! इतके दिवस तुम्ही फार स्वच्छ वाचत होता बाई. शाळेत प्रार्थना म्हणावी तसं. आता कसं, मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. औषधबिवषध घेऊ नका हं अजिबात." सगळे हसले, मीही हसले. मला बरंच वाटलं, हे सांगायला हवं. बऱ्याच दिवसांत कुणी माझ्या वाचनाला वा म्हटलं नव्हतं. मी तो पहारेकरी त्या खरखरीसकट वाचला, आणि पाणी हललं तेव्हा कानसेनच्या हातावर काटा आलेला मला काचेतून दिसला. घरी येताना बसमध्ये खिडकीशी बसून मी हळूच, ओठ न हलवता, "डबा उघडला" असं म्हणून बघितलं. शेजारच्या बाईने वळून पाहिलं. मी खोकल्यासारखं केलं.

या कादंबऱ्यांचा एक शिरस्ता आहे. ज्याला मरायचं असतं त्याला त्याच्यापुरतं एक प्रकरण मिळतं. आधी त्याचं कुणाला काही पडलेलं नसतं. मग अचानक लेखक त्याच्याकडे वळतो, त्याची सांधेदुखी सांगतो, त्याची मुलगी कुठल्या वर्गात आहे ते सांगतो, त्याने सकाळी बायकोला उगाच टाकून बोललेलं असतं आणि आता घरी जाऊन समजूत काढायची असं त्याने ठरवलेलं असतं. एवढं सगळं सांगून झालं की गवत हलतं. सुरुवातीला मला हे चीड आणणारं वाटायचं. मी वाचनाचं शिक्षण घेतलेली बाई, मोठमोठ्या लेखकांचे उतारे पाठ असलेली, आणि नशिबात काय, तर बगळ्यांनी डोळे फोडलेला पोस्टमन. पुढे पुढे मला त्या माणसांची सवय झाली. त्यांचं सगळं आयुष्य मी पहिल्यांदा आणि शेवटचं मोठ्याने वाचत असे, त्यांना दुसरं कोण होतं? एक मात्र वाईट खोड लागली. कुणी माझ्याकडे बारकाईने बघू लागलं, माझी चौकशी करू लागलं, की मला बसल्याजागी धाकधूक होते. दुकानदाराने "आज उशीर झाला वाटतं?" एवढं विचारलं तरी वाटतं, झालं, आपलं प्रकरण सुरू झालं.

माझी सगळ्यात पक्की श्रोती घरातच आहे. सासूबाईंचा डावा हात आणि डावा पाय कामातून गेल्यापासून त्या आतल्या खोलीत पलंगावर असतात. जीभ शाबूत आहे. शाबूत कसली, हात-पाय गेल्यावर त्यांचीही ताकद जिभेत येऊन बसली असं माझा नवरा म्हणतो. तो परगावी यंत्रं बसवायला जातो, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर, त्यामुळे त्याला हा विनोद परवडतो. पहिल्या वर्षी मी त्यांना चांगलं चांगलं ऐकवायचा प्रयत्न केला. थोरांची चरित्रं, प्रवासवर्णनं. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एकदा चुकून माझी शेळ्यांची कादंबरी लागली. शेळ्या पिसाळतात आणि एका गावातल्या माणसांना कड्यावरून खाली ढकलून मारतात, असं काहीतरी. मी घाईने बंद करायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे की! ग्रामसेवकाचं काय झालं?" त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी संध्याकाळी घरी आले की चप्पल काढायच्या आत विचारणार, "आज कोण गेलं?" मी म्हणायची, "आई, जरा दम धरा, हात-पाय धुऊ द्या." "धू की. पण कुणाला धरलं तेवढं सांग. पोहायला शिकवणारा तो मिजासखोर गेला का नाही?" गेला म्हटलं की समाधानाने उशीवर डोकं टेकणार. एकदा मी वैतागून विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत? एवढं रक्त, एवढं काय काय." त्या म्हणाल्या, "वाटते ना. म्हणून तर ऐकते. अगं, त्यात निदान दिसतं तरी. दात दिसतात, डोळे दिसतात. काय आलंय ते कळतं, बोंब मारता येते, पळता येतं. पळून उपयोग नसला तरी येतं. आणि दोन पानांत कारभार आटोपतो." मी तेव्हा हसले होते. नवऱ्याला फोन करून सांगितलं, तुझ्या आईने आमच्या धंद्याचं मर्म सांगितलं म्हणून. तो म्हणाला, "तिला गरम पाणी देत जा." त्याच्याकडे सगळ्यावर गरम पाणी.

खरखर गेली नाही. मी आधी ती धुळीवर ढकलली, मग एसीवर, मग बोलून बोलून घसा बसलाय यावर, आणि हे तर खोटं म्हणता आलंच नसतं. सकाळी उठल्यावर आवाज थोडा बरा असायचा. मी डोळे उघडायच्या आधी एक हुंकार देऊन बघायची आणि तो नितळ आला तर उड्या मारत चहा ठेवायची. दुपारपर्यंत पुन्हा तेच. आवंढा गिळताना उजवीकडे, नाही, डावीकडे, काहीतरी अडकल्यासारखं होई. आमच्या कादंबऱ्यांत दर पानाला कुणीतरी आवंढा गिळतं. कुणाच्या घशाला कोरड पडते, कुणाचा आवाज घशातच विरतो, कुणाला किंकाळी फोडायची असते आणि घशातून शब्द फुटत नाही. इतकी वर्षं वाचून माझ्या लक्षात आलं नव्हतं की लेखकाची सगळी भीती गळ्यात भरलेली असते. आता तसलं वाक्य पानाच्या खालच्या टोकाला दिसलं की मी वरूनच अडखळू लागले. कानसेन म्हणायचा, परत घ्या. मी परत घ्यायची. तो घरी जायच्या आधी रोज एकदा माझ्याकडे बघायचा आणि तारा गुंडाळायचा.

एका दुपारी सासूबाईंचा डोळा लागला होता. मी न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं आणि फोनचा दिवा पेटवून आरशासमोर तोंड उघडलं. जितकं उघडता येईल तितकं. जीभ बाहेर काढली, चमच्याने दाबली. ओकारी आली, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा दाबली. लाल, ओलं, मागे अंधार. दिसण्यासारखं काही नव्हतं. त्या उघड्या जबड्याकडे बघताना मला खरंच वाटलं की हे कुठल्या तरी दुसऱ्याच प्राण्याचं तोंड आहे, आणि तो मला बघून थांबलाय. मी चटकन मिटलं. बाहेर येऊन नव्या कादंबरीची पुढची प्रकरणं वाचत बसले, कामासाठी नाही, नुसतीच, मनात. पाणमांजरं नळातून शहरात शिरली होती, एका नवरीमुलीला न्हाणीतून ओढून नेत होती, आणि मी अधाशासारखी पानं उलटत होते. माझे हात-पाय हळूहळू ऊबदार झाले. सासूबाई बरोबर होत्या. त्या पानांत मला शेपटी दिसत होती, मिशा दिसत होत्या, ओल्या फरशीवर पंजे उमटत होते. जे काही येत होतं ते कुठून येतंय ते कळत होतं. माझ्या मनातली ती दुसरी वस्तू, जिला दात नाहीत आणि जी कुठून येत नाही, जी आधीच आत असते, तिचं नाव मी तोवर मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. डॉक्टरकडे जा म्हणून कुणी सांगितलं असतं तर मी गेले नसते. गेलं की ती वस्तू होते. न गेलं तर ती धूळ असते, एसी असतो. पुस्तकात जो माणूस "काही नाही, वारा असेल" म्हणून पुन्हा झोपतो, त्याला मी आजवर किती हसले असेन. तो मूर्ख नसतो. त्याला सगळं कळलेलं असतं.

किंकाळ्या आम्ही शेवटच्या दिवशी घेतो. मधे मधे घेतल्या तर घसा फुटतो आणि पुढची प्रकरणं वाया जातात, म्हणून वाचताना त्या जागा रिकाम्या सोडायच्या आणि पुस्तक संपलं की एका बैठकीत सगळ्या एकापाठोपाठ घ्यायच्या. त्या दिवशी मी उभी राहते, चपला काढते, कानसेन माइक लांब सरकवतो आणि काचेपलीकडून नुसतं कोण ते सांगतो. "पहारेकरी." मी किंचाळते. "पोहण्याचा मास्तर." मी किंचाळते, जरा जाड. "पहिली जुळी. दुसरी जुळी." एरवी आम्ही या दिवशी फार हसतो. प्रत्येकाची किंकाळी वेगळी हवी असा माझा आग्रह असतो. ज्याने आयुष्यभर हळू बोलून काढलंय तो मरताना मोठ्याने ओरडणार नाही, तो आधी कुणाची तरी क्षमा मागितल्यासारखा आवाज काढील, असं मी मालकांना पटवून दिलेलं आहे. त्या दिवशी मालक मुद्दाम येऊन बसले होते. पहारेकऱ्याला त्यांनी टाळी वाजवली. मास्तरला तर ते उठून उभेच राहिले. "वा! अंगावर आलं!" माझ्या तोंडात रक्तासारखी चव आली होती. मी पाणी प्यायले. "नवरीमुलगी," कानसेन म्हणाला. ही पुस्तकातली सगळ्यात मोठी. न्हाणीघर, वाफ, पाय धरून खाली. मी श्वास भरला, पोट आत घेतलं, तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. नुसती हवा. फाटक्या पिशवीतून जाते तशी. मला वाटलं मला ऐकू येत नाहीये. मी काचेतून कानसेनकडे बघितलं. त्याच्या समोरचा, आवाज मोजणारा काटा जागचा हलला नव्हता. मी पुन्हा जोर केला. पुन्हा हवा. तोंड उघडं, डोळे ताणलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, आणि खोलीत शांतता. मालक पुढे वाकून वाट बघत होते. त्यांना वाटलं असावं, मी काहीतरी नवीन करतेय.

कानसेनने हेडफोन काढून ठेवले. मी त्याला काम चालू असताना हेडफोन काढताना कधी पाहिलं नव्हतं. तो आत आला आणि माझ्या हातातून कागद घेऊन म्हणाला, "ताई, आता दाखवून घ्या." मालक मागून म्हणाले, "हो हो, दोन दिवस आराम करा. नवरीमुलीला आपण शेळ्यांमधली बाई लावू. काय कळतंय लोकांना, किंकाळी ती किंकाळी." कानसेन त्यांच्याकडे वळलासुद्धा नाही. तो माझ्याकडेच बघत होता. त्याला केव्हापासून कळलं होतं कोण जाणे. मला त्याचा इतका राग आला की मी पर्स उचलून चालू लागले आणि खाली रस्त्यावर आल्यावर मला कळलं की मी अनवाणी आहे.

घरी आले तेव्हा बाहेर उजेड होता. चप्पल घ्यायला मी परत गेले नव्हते. मोजे नाहीत, चप्पल नाही, तळवे काळे झालेले. सासूबाईंना आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशी दुपारभर सोबत करतात, त्या त्यांच्या उशाशी फोन ठेवून गेल्या होत्या. फोनमधून माझा आवाज येत होता. कच्च्या प्रती मी घरी आणते, सासूबाईंना सगळ्या जगाच्या आधी ऐकायचं असतं. पहारेकऱ्याचं प्रकरण चाललं होतं. मी दारात थांबले. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्या छताकडे बघत होत्या आणि उजव्या हाताने चादरीची कड चुरगळत होत्या. "बंद कर ते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, म्हणजे खरवडून काढलं, "का हो, रंगत नाही का?" "बंद कर म्हणते ना!" मी केलं. मग त्यांनी मला पलंगाच्या कडेला बसवलं, चांगल्या बाजूला, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "ह्यांचा आवाज असाच झाला होता."

सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी ते गेले. घरात त्यांच्याबद्दल बोलताना "छातीत कफ झाला" असं म्हणायची पद्धत आहे. नवराही तेच सांगतो. "कफ नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "आधी एवढंसं खरखरायचं. सकाळी बरं असायचं. मी म्हणायची, अहो, कसला आवाज येतोय हा? ते म्हणायचे, तुझे कान तिखट झालेत. थोरले दीर म्हणाले, पंख्याखाली झोपतो म्हणून. जाऊबाईंनी काढा दिला. मी सांगत होते गं सगळ्यांना. कुणी ऐकलं? आणि मग मला कुणी काही सांगितलंच नाही. कशाने गेले, कुठे होतं, केवढं होतं. इस्पितळात पडद्याच्या अलीकडे बसवून ठेवलं. पडद्यामागे काय चाललंय ते आवाजावरून ओळखायचं. माणूस खाल्ला माझा कुणीतरी, आणि मी त्याला पाहिलंसुद्धा नाही." त्यांचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो घट्ट होत चालला होता. त्यांना इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मला तो हात सोडवून घ्यायचा होता. बसमध्ये, रस्त्यावर, न्हाणीघरात मी जे नाव मनात येऊ दिलं नव्हतं ते त्या बाईने नाव न घेता माझ्या मांडीवर आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, "आई, मला काही झालेलं नाही." पण तो आवाज आम्ही दोघींनीही ऐकला. "उद्या जायचं," त्या म्हणाल्या. "नाही गेलीस तर मी ओरडून चाळीस माणसं गोळा करीन. माझा घसा चांगला आहे."

डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या, टापटीप, नखं कापलेली. त्यांनी विचारायला सुरुवात केली. कधीपासून, गिळताना दुखतं का, घरी कोण कोण, घरात कुणाला असं झालं होतं का, काय काम करता. मी म्हटलं, वाचते. शिक्षिका आहात? नाही, जनावरं माणसांना खातात ते वाचते. त्यांनी लिहायचं थांबवून वर पाहिलं आणि हसल्या, "अय्या, ते तुम्ही? आमच्या नर्स ऐकतात!" मीही हसले, पण खुर्चीचे हात मी सोडले नव्हते. त्या इतक्या आस्थेने विचारत होत्या. माझं एकेक सगळं ओळीने कागदावर उतरत होतं, मी सकाळी काय खाल्लं तेसुद्धा, आणि मला त्यांच्या हातातलं पेन हिसकावून घ्यावंसं वाटत होतं. मग नाकात औषध फवारलं. नाक, टाळू, घसा, सगळं परक्याचं झालं. एक बारीक नळी आत शिरली. तिच्या टोकाला दिवा होता. "समोर पडद्यावर दिसेल," त्या म्हणाल्या. "बघायचं नसेल तर डोळे मिटा, बरेचजण मिटतात."

मी उघडे ठेवले. धीट म्हणून नाही. पडद्याच्या अलीकडे बसवलेल्या त्या बाईची मला आठवण झाली, म्हणून. गुलाबी, ओली वाट खाली खाली जात होती. मग वाट संपली आणि दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या, मधे फट. हा माझा आवाज, असं मला वाटलं, एवढासा. "ई म्हणा." मी म्हटलं. पट्ट्या जवळ आल्या आणि डावीच्या काठावर जे होतं ते दिसलं. तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं. फिकट. ओबडधोबड. मी त्याच्याकडे बघत राहिले. मी इतकी जनावरं वाचली होती की मला सवयीने त्याचे डोळे शोधावेसे वाटले. ते माझ्याकडे बघत नव्हतं. त्याला माझा राग नव्हता, भूक नव्हती, माझ्याशी त्याला काही देणंघेणंच नव्हतं, आणि हे इतकं भयंकर असू शकतं हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं मी वाचलेलं नाही. "पुन्हा ई." मी म्हटलं आणि ते थरथरलं. मी थांबले की ते थांबे. बोलले की हले. "बास," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात त्यांचा मघाचा आवाज बदलला होता. इतक्या वर्षांच्या कामाने मला एवढं ऐकू येतं. परवा तुकडा काढायचा, तो तपासायला द्यायचा, मग काय ते बोलता येईल. तोवर तोंडातून एक शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही, कुजबुजण्याने जास्त ताण पडतो. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, घरच्यांना दाखवायला. कसलं असेल असं मी हाताने विचारलं. "तपासल्याशिवाय सांगू नये," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्याला हात लावला.

घराचं दार मावशींनी उघडलं आणि माझा चेहरा बघून त्या पदराला हात पुसत लगबगीने निघून गेल्या. मी आत गेले. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले, माझीच वाट बघत. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांचा चष्मा मांडीवर होता. त्यांनी तो उचलला, उशीखाली सरकवला आणि बोलायला लागल्या. "आलीस? बैस. आज दूध नासलं बघ. मावशींना म्हटलं, पातेलं नीट धुतलं नव्हतंत. त्या म्हणे धुतलं होतं. धुतलं होतं तर नासेल कसं? आणि दूधवालाही हल्ली उशिरा येतो, ऊन चढल्यावर, मी काल म्हटलं त्याला, म्हणजे म्हटलं असतं, पण तो थांबतो कुठे. वरच्या मजल्यावर आज ठोकाठोकी चालली होती. कपाट करतायत वाटतं. कपाट कशाला लागतं गं दोन माणसांना? तू काही खाल्लंस का? नको, राहू दे, नंतर खा. दुधाचं पनीर तरी करू म्हटलं मावशींना, तर त्यांनी ओतूनच दिलं..." मी पलंगाच्या कडेला बसले. त्या श्वास भलत्याच जागी घेत होत्या, वाक्यं संपवत नव्हत्या, एकावर दुसरं चढवत होत्या, मधे बोटभरही जागा राहू देत नव्हत्या, कारण जागा राहिली असती तर तिथे त्यांना मला काय झालं ते विचारावं लागलं असतं. मी कित्येक माणसांची भीती वाचली आहे. ती नेहमी हळू वाचायची, थांबत थांबत, असं मी ठरवून टाकलं होतं. ती अशी धावते हे मला माहीत नव्हतं. सासूबाई घाबरल्या होत्या. माझ्यासाठी घाबरल्या होत्या, आणि त्यांना थांबवायला माझ्याकडे आवाज नव्हता.

मी त्यांचा हात धरला. तेव्हा त्या एकदाच थांबल्या. "दुखलं का गं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली, नाही.

"खोटारडी," त्या म्हणाल्या, आणि परत दुधावर आल्या.